वेचणीच्या हंगामात कामातला आनंद : अभ्यासवर्गासाठी व्यवहारी मुद्दे हवेत

तापीथडी (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

शहादा-तळोदा पट्ट्यातल्या एका लहान मंडळीसाठी पाच बुधवारांचा अभ्यासवर्ग बसवायचा आहे. विषय आहे रोजच्या कामात प्रभूचा आनंद. येणाऱ्यांमध्ये कापूस वेचणाऱ्या बाया, केळीबागेतले मजूर, शिवणकाम करणाऱ्या, दवाखान्यातल्या परिचारिका आणि घरचं रांधणं-सांभाळणं करणाऱ्या आयाबहिणी असतील. दिवसभर वाकून आलेल्या माणसाला "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" एवढंच वाचून दाखवलं, तर तो मान डोलावून घरी जातो. 'काम भलतं शे, पन मन लागत नही' हे हंगामात घरोघरी ऐकू येतं. त्यावर उद्या सकाळी सहा वाजता करून पाहता येईल असं काही हवं आहे.

कामाच्या मध्ये प्रार्थना नेमकी कधी, किती वेळ, कोणत्या शब्दांत? दुपारी मन उडतं त्यावर काय करायचं? रविवारी वेचणी आली तर? आणि मजुरीचा विषय वर्गात काढावा की नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

गिरणाकाठचे_पाळक

सुरुवात कुठून करता यावर पुढचं सगळं ठरतं. बहुतेक प्रवचनं उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरू होतात: काटेकुसळे, घाम, भाकर. मग ऐकणाऱ्याच्या मनात काम म्हणजे शिक्षा असं पक्कं बसतं, आणि शिक्षेत आनंद कोण शोधणार? सुरुवात २:१५ पासून करा. पाप जगात येण्याआधीच माणसाला बागेची मशागत व राखण सोपवलेली आहे. तिथे हिब्रूत दोन क्रियापदं आहेत, 'आबाद' आणि 'शामार'. पहिल्याचा अर्थ राबणं, आणि सेवा-उपासना करणंही. हीच जोडी गणना ३:७-८ मध्ये लेव्यांच्या (मंडपाची सेवा सोपवलेल्या वंशाच्या) निवासमंडपातल्या सेवेसाठी येते. बाग राखणारा आणि मंडप राखणारा या दोघांच्या कामाला शास्त्राने एकच शब्द वापरला आहे. पहिल्या बुधवारी एवढंच सांगितलं तरी चालेल.

त्यानंतर ३:१७-१९ झाकू नका. तिथे शाप भूमीला आहे, कामाला नाही. बोंडाची वाळलेली टोकं बोटात घुसतात, भाव पडतो, ऐन वेचणीत पाऊस येतो, ते सगळं त्या काट्याकुसळ्यांत मोडतं. आनंद म्हणजे हे दुखत नाही असं म्हणणं नव्हे.

आणखी एक. कलस्सैकरांस ३:२३ (माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा) हे वचन प्रत्येकाच्या तोंडी असतं, पण ते लिहिलं आहे दासांना, आणि दोनच श्वासांवर ४:१ मध्ये धन्यांना न्यायाने व समतेने वागायला सांगितलं आहे. ही दोन वचनं एकत्रच वाचा. एकटं ३:२३ वाचलं की ते मजुराला गप्प बसवायचं हत्यार होतं.

---

बोंडफूल_धुळे

वेचणीचं काम वचनाशी कसं जोडायचं ते लिहितो. आधी कामच नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर प्रार्थना वरून चिकटवल्यासारखी होते.

पहिली वेचणी साधारण ३० ते ४० टक्के बोंडं फुटल्यावर, पुढच्या १५ ते २० दिवसांच्या अंतराने. दव सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. ओला कापूस साठवला की आतून तापतो, पिवळा पडतो. झाडाच्या खालच्या बोंडांपासून वर जायचं, म्हणजे वरचा वाळका पाला खालच्या फुटलेल्या बोंडांत पडत नाही. पूर्ण उमललेलंच बोंड घ्यायचं. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस वेगळ्या पिशवीत. डोक्याला सुती फडकं, कारण केस कापसात गेला तर तो थेट जिनिंगपर्यंत जातो. झोळी कापडीच हवी; प्लॅस्टिकच्या गोणीचे धागे रुईत मिसळतात आणि पुढे कापडात रंग धरत नाहीत. सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो. ८ च्या वर पैसे कापले जातात, १२ च्या वर गाडी परत.

यात तीन जागा अशा आहेत जिथे प्रार्थना आपोआप बसते. पहिली, दव सुकेपर्यंतची. बांधावर थांबावंच लागतं, दहा-पंधरा मिनिटं रिकामी असतात, आणि एरवी ती फोनमध्ये जातात. तिथे एकीने एक स्तोत्र म्हणावं. ९० व्याचा शेवट (आमच्या हातचे काम सिद्धीस ने) लहान आहे, आठवड्याभरात सगळ्यांचा पाठ होतो. दुसरी, तास (कपाशीची ओळ) संपून वळतानाची. कमर सरळ करायला माणूस उभा राहतोच. त्या दोन श्वासांत एक ओळ. तिसरी, संध्याकाळी झोळी रिकामी करतानाची.

मधल्या वेळात, बोटं चालू असताना लांब प्रार्थना करायला सांगू नका. हात मंदावतो. मजुरी किलोवर असते, आणि ज्या भक्तीमुळे बाईची दिवसाची दोन किलो वेचणी घटते ती भक्ती ती तिसऱ्या दिवशी सोडते. ते बरोबरच आहे.

---

सावदा_स्टेशन

केळीतही असंच. घड २०-२५ किलोचा असतो, खांद्यावर चुंबळ ठेवून बांधापर्यंत न्यायचा. कापणारा आणि झेलणारा अशी जोडी असते. झेलणाऱ्याचं लक्ष हललं की घड आदळतो, आणि आदळलेली फणी त्या दिवशी चांगली दिसली तरी पिकल्यावर काळी पडते. म्हणजे हलगर्जी कुठे झाली हे तीनशे कोसांवरच्या गिऱ्हाइकाला कळतं, मुकादमाला कधीच नाही. 'तोंडदेखल्या चाकरीने नव्हे' (कलस्सै ३:२२) याला याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात सापडणार नाही. घड मातीत न टेकवता केळीच्या पानांवर ठेवणं, चीक फळावर ओघळू न देणं, हीच त्या मजुराची उपासना आहे असं वर्गात स्पष्ट सांगा. फार लोकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

---

तापीथडी

पाळकसाहेब, बोंडफूलभाऊ, मनापासून आभार. दुपारच्या कंटाळ्याबद्दल कुणी लिहील का? अकरा ते दोन ही वेळ सगळेच सांगतात.

---

वाळवंटातले_बाबा

ही वेळ आजची नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांनी याचं फार बारीक वर्णन केलं आहे. इव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) याने या अवस्थेला 'आकेदिया' म्हटलं आणि तिला स्तोत्र ९१:६ मधल्या भर दुपारी नाश करणाऱ्याशी जोडलं. त्याच्या मते ती दिवसाच्या चौथ्या ते आठव्या तासात येते, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण दहा ते दोन. लक्षणं पाहा: सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे हे माणूस पुन्हा पुन्हा बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून बाहेर डोकावतो, हातातल्या कामाचा तिटकारा येतो, आसपासच्या कुणालाच आपली माया उरली नाही असं वाटू लागतं, आणि दुसरीकडे पोट भरणं किती सोपं असेल याची चित्रं दिसतात. कापसाच्या तासात उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही.

याचा उपयोग असा की कंटाळ्याला नाव मिळतं. नाव नसलं की माणूस म्हणतो, 'माझा विश्वासच कमी आहे.' नाव मिळालं की म्हणतो, 'दुपार आली, ती जाईल.' इव्हाग्रिअसचा उपाय दोन भागांचा आहे. जागा सोडायची नाही, आणि मनात येणाऱ्या प्रत्येक वाक्याला शास्त्रातलं एक छोटं वाक्य उलट म्हणायचं. छोटं म्हणजे एका श्वासात मावेल एवढंच.

त्याच वाळवंटातला संन्यासी अंतोनी (मृत्यू ३५६) याच्याबद्दल जुन्या वचनसंग्रहांत एक प्रसंग येतो. तो असाच उबगलेला असताना त्याला एक जण दिसतो: बसून दोर वळतो, उठून प्रार्थना करतो, पुन्हा बसून दोर वळतो, पुन्हा उठतो. तो देवदूत होता, आणि 'असं कर, म्हणजे तरशील' असं त्याने सांगितलं. काम आणि प्रार्थना आळीपाळीने, आणि मध्ये शरीराची हालचाल. बसणाऱ्याने उठावं, वाकणाऱ्याने ताठ व्हावं. हे उठणं गाळलं आणि नुसती प्रार्थना ठेवली की झोप येते.

'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर' ही पूर्वेकडच्या मंडळ्यांतली जुनी प्रार्थना अशा वेळी कामी येते. श्वास आत घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा. चूक कुठे होते? लोक मोजायला लागतात. शंभर झाले, दोनशे झाले, मग आकड्याचा अभिमान किंवा आकड्याचं ओझं. मोजू नका.

एक गोष्ट मात्र आधी पाहा: पाणी. ऊन लागलेल्या, तहानलेल्या माणसाची चिडचिड ही आकेदिया नसते. आधी पाणी, मग वचन.

---

कपाशी_ते_कापड

+१. शेवटचा परिच्छेद मोठ्या अक्षरात लिहून वर्गात लावावा.

---

वॉर्ड_रात्रपाळी

परिचारिकांसाठी लिहिते. वॉर्डात डोळे मिटून प्रार्थना करायला वेळ नसतो, आणि रुग्णासमोर करणं नेहमी योग्यही नसतं. पण दिवसात वीस-तीस वेळा सक्तीने थांबवणारी एक गोष्ट आहे: हात धुणं. साबण-पाण्याने हात धुण्याची पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची, अल्कोहोलच्या द्रावणाने २० ते ३० सेकंदांची. कामाच्या घाईत ती दहा सेकंदांवर येते आणि अंगठा, बोटांची टोकं, नखांखालचा भाग राहून जातो.

प्रभूची प्रार्थना घाई न करता मनात म्हटली तर अर्धा-पाऊण मिनिट लागतो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'ला तळहात, 'तुझे राज्य येवो'ला हाताची मागची बाजू, 'रोजची भाकर'ला बोटांच्या फटी, 'ऋणे सोड'ला अंगठे, 'परीक्षेत आणू नकोस'ला बोटांची टोकं. 'आमेन'ला पाणी. प्रार्थना पूर्ण झाली म्हणजे हातही पूर्ण धुतले गेले. पुढच्या खाटेवरच्या माणसाला संसर्ग पोचला नाही, ही प्रीतीच आहे, तिला वेगळा अर्थ चिकटवायची गरज नाही.

काय चुकतं तेही सांगते. प्रार्थना पाठ झाली की ती यंत्रासारखी होते. म्हणून एक ओळ रोज बदलून धरावी. आज फक्त 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो', बाकीचं नुसतं म्हणायचं. आणि औषधाची मात्रा काढताना, सिरिंज भरताना काहीच म्हणायचं नाही. तिथे पूर्ण लक्ष आकड्यावर. मात्रा काढताना मन प्रार्थनेत असलेली परिचारिका धोकादायक आहे.

---

सुईदोरा

शिवणकामाबद्दल. ताई म्हणाल्या ते कटिंगलाही लागू आहे. कात्री चालवताना गाणं नको, मोजमाप चुकतं. सरळ शिलाईला मात्र गाणं उत्तम, पावटीची लय मिळते.

बसालेलचा भाग (निर्गम ३१:१-६) या बायांना जरूर वाचून दाखवा. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केला असं शास्त्र ज्याच्याबद्दल म्हणतं तो माणूस कारागीर आहे. सोनं, रुपं, पितळ, लाकूड सगळ्यांत कसबी. आणि ३५:३५ मध्ये त्याच्यासोबत विणकर आणि कशिदा काढणारे येतात. सुई धरणाऱ्या हाताला आत्म्याचं दान आहे असं ज्या बाईने प्रथमच ऐकलं, तिला दुसरं प्रवचन लागत नाही.

मग कसब म्हणजे काय हे ठोस सांगा. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, मगच कापणं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. ब्लाऊजच्या बाजूला दीड इंच दाब ठेवणं, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतो. इंचाला १०-१२ टाके. घाईत टाका मोठा केला तर काखेत उसवतं. साध्या सुतीला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६. बोथट सुई धागे ओढते. टकटक आवाज येऊ लागला की बदलावी. आतली बाजू गिऱ्हाईक बघत नाही. तिथली सुटलेली दोऱ्याची टोकं कापणं, हा दिवसातला पाच मिनिटांचा भाग फक्त देवासाठी असतो. आनंद तिथे सापडतो असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे कौतुकाची आशाच नसते.

उरलेलं कापड परत द्यावं. चिंध्या सोडून, पाव मीटरही असला तरी.

---

अमळनेरकर_७

रविवारचं काय? शेतकऱ्याने सांगितलं की ढग आलेत, रविवारी वेचायला या, तर मजुराने नाही म्हणावं का? लूक १४:५ मध्ये प्रभूनेच विचारलं आहे ना, बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशी काढणार नाही का?

---

गिरणाकाठचे_पाळक

काढावाच. पण बैल दर रविवारी विहिरीत पडत असेल तर विहिरीला कठडा बांधायला हवा. निर्गम ३४:२१ फार कमी वाचलं जातं: नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा सातव्या दिवशी विसावा घे. हंगामाचं कारण पुढे येणार हे देवाने आधीच ओळखलं होतं.

---

बोंडफूल_धुळे

शेतीच्या बाजूने: दोन वेचण्यांत १५-२० दिवसांचं अंतर असल्यामुळे एक रविवार सुटल्याने उमललेला कापूस सहसा वाया जात नाही. वाया जातो तो नियोजन नसल्यामुळे. शेताचे तुकडे पाडून फेरी शनिवारी संध्याकाळी संपेल अशी लावता येते. हे मुकादमाशी सोमवारी बोलायचं; शनिवारी रात्री बोललं की भांडण होतं. खरोखर पावसाचा अंदाज असेल तर रविवारी सकाळची उपासना करून अकरापासून वेचायला जावं आणि पुढच्या आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी. दवामुळे तसंही दहापर्यंत हात लावता येत नाही.

केळीचं गणित वेगळं आहे, तिथे व्यापाऱ्याची गाडी ठरवते. तिथल्या मजुरांवर रविवारचं ओझं टाकू नका.

---

वॉर्ड_रात्रपाळी

दवाखान्यालाही रविवार नाही. आमच्या लोकांसाठी बुधवारची उपासना म्हणजेच रविवार समजला जावा, आणि तो कमी दर्जाचा मानू नये.

---

चुलीपाशी

सगळ्यांनी रविवार मजुराचा धरला, बाईचा कुणीच धरला नाही. उपासनेहून आल्यावर पुरुष पाय पसरतात आणि ती पाहुण्यांसाठी कोंबडी, भाकरी, भात असं तीन तास रांधते. तिचा सातवा दिवस कुठे गेला? निर्गम २०:१० मध्ये दास, दासी, गुरंढोरं, परका, सगळ्यांना विसावा आहे.

निर्गम १६:२२-२३ मध्ये याची युक्ती दिली आहे: सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न), भाजायचं ते भाजून घ्या, शिजवायचं ते शिजवून घ्या. म्हणजे शनिवारी संध्याकाळी पाणी भरलेलं, पीठ दळलेलं, भांडी घासलेली, दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवलेले. ही कामं घरातल्या सगळ्यांत वाटून, नाहीतर तिचा शनिवार दुप्पट होतो. रविवारी खिचडी आणि वर तेल-पापड पुरे. आपल्या खान्देशात खिचडीला कुणी नावं ठेवत नाही. पाहुणा आला तर त्यालाही खिचडी.

मंडळीच्या जेवणाबद्दलही लिहिते. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठनियमात स्वयंपाकाची आठवड्याची पाळी सांगितली आहे. पाळी सगळ्यांवर येते. रविवारी जुन्या वाढप्यांनी आणि नव्यांनी सर्वांसमोर गुडघे टेकून आपल्यासाठी प्रार्थना मागायची. संपवणाऱ्याने उपकारस्तुतीचं वाक्य आणि सुरू करणाऱ्याने स्तोत्र ७० ची सुरुवात (देवा, मला साहाय्य करायला त्वरा कर) तीन-तीन वेळा म्हणायची. भांडी आणि पुसणी स्वच्छ करून मोजून द्यायची. आणि सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट: वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. नाताळच्या जेवणाला दोनशे माणसांचं रांधणाऱ्या बाया दुपारी चारपर्यंत उपाशी राहतात, आणि मग चेहऱ्यावर आनंद का नाही म्हणून विचारतात. मार्थेची कुरकुर (लूक १०:४०) 'मला एकटीला टाकलं' अशी आहे, हे लक्षात घ्या.

---

सरवा

मजुरीचा विषय वर्गात काढावा का, असं विचारलं आहे. काढलाच पाहिजे. तो न काढता आनंदाचा वर्ग घेतला तर तो अर्धा खोटा असेल.

अनुवाद २४:१५: मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. याकोब ५:४: अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. बाजाराच्या दिवशी आठवड्याचा हिशेब करायची रीत दोघांना कबूल असेल तर ती फसवणूक नाही. 'फोनवर टाकतो' म्हणून चार दिवस लोटणं मात्र फसवणूक आहे.

वजन. वेचणी किलोवर, म्हणून ताणकाट्यावर (टांगायच्या स्प्रिंगच्या काट्यावर) सगळं अवलंबून. तपासायची सोपी पद्धत: काटा मोकळा लटकवून सुई शून्यावर आहे का पाहा. रिकामा कॅन टांगून वजन नोंदवा. मग त्यात मोजून १० लिटर पाणी भरा आणि पुन्हा टांगा. फरक १० किलो यायला हवा. कमी आला तर काटा मजुराचं खातो, जास्त आला तर शेतकऱ्याचं. स्प्रिंग जुनी झाली की मध्ये बरोबर आणि टोकाला चूक असंही होतं, म्हणून ५ आणि २० लिटरलाही करून पाहा. दमट झोळी जड असते, तिचं वजन सकाळीच लिहून ठेवा. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का तेही बघा. नीतिसूत्रे ११:१ म्हणतं की खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. हे मजुरालाही लागू: कापसात दगड, पाणी, कवडी मिसळणं हाच दुसरा खोटा तराजू.

मंडळीतल्या जमीनवाल्यांना रूथचा दुसरा अध्याय द्या. बवाज शेतात येतो तेव्हा पहिला शब्द 'परमेश्वर तुमच्याबरोबर असो' असा आहे, 'किती झालं?' असा नाही. परक्या बाईला कुणी हात लावू नये असा हुकूम त्याने गड्यांना दिलाय (२:९). पाण्याची सोय त्याच वचनात. जेवायला जवळ बसवलंय (२:१४). आणि मुद्दाम मागे टाका, तिला धमकावू नका (२:१६). शेवटच्या वेचणीनंतर राहिलेली बोंडं गावातल्या विधवांना सरवा म्हणून सोडता येतात, लेवीय १९:९-१० प्रमाणे. पण मुदत ठरवून द्या, आठ-दहा दिवसांची. त्यानंतर पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) उपटलीच पाहिजे. फरदड (त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते, आणि दया म्हणून सुरू केलेली गोष्ट सगळ्या शिवाराला भोवते.

---

अमळनेरकर_७

सरवा, पटलं. पण मजुरी मिळाली नाही तर आनंद नाही, असं म्हणायचं आहे का?

---

सरवा

नाही. पौल आणि सीला तुरुंगात गात होते. पण कोंडणाऱ्याने 'बघा, किती आनंदात आहेत' म्हणून दार बंदच ठेवावं, असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी पौलाने अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर काढायला लावलं (प्रेषितांची कृत्ये १६:३७-३९). गाणंही खरं, मागणीही खरी.

---

ओवीकार

गाण्याचा विषय निघालाच आहे. कामाला उपासनेतली सगळी गीतं चालत नाहीत. चार आवाजांत बसवलेलं, पेटीवर चढणारं गीत वाकलेल्या माणसाला म्हणता येत नाही, दम पुरत नाही. अभंग आणि ओवी या कामाच्याच चाली आहेत. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंग, भजन, कीर्तन दिलं, ते म्हणूनच शेतात टिकतं.

नवे चरण बांधणंही अवघड नाही. मोठ्या अभंगात अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरायचं. नमुना:

पांढरे हे बोंड, उमलले रानी
तूच माझा धनी, येशुराया

तीन चरण एकीने म्हणायचे, 'येशुराया' सगळ्यांनी. एकीचा दम जातो तेव्हा दुसरीने उचलायचं. तिसऱ्या बुधवारी वही-पेन्सिल द्या आणि प्रत्येक कामाचं एक कडवं बांधून घ्या: भाकरी, सुई, केळीचा घड, झाडू. अहिराणीत, मावचीत, पावरीतही होऊ द्या. अक्षरसंख्या थोडी ढळली तरी चालते, चाल सांभाळून घेते. चूक होते ती सिनेमाच्या चालीवर शब्द बसवल्याने. मग ओठांवर मूळचे शब्द येतात.

---

गिरणाकाठचे_पाळक

हंगामाच्या सणाबद्दल, म्हणजे मंडळीत पहिलं पीक अर्पण करण्याबद्दल, थोडं. अनुवाद २६:१-११ मध्ये टोपली घेऊन जाणं, ती खाली ठेवणं, आपल्या पूर्वजांची कहाणी तोंडाने म्हणणं, आणि मग लेवी व परका यांच्यासह आनंद करणं, असा क्रम आहे. आपल्याकडे टोपली आणि लिलाव राहिला, कहाणी आणि परका गळले. लिलावात दोन घरांची चढाओढ लागते आणि दहा रुपयांची फणी हजाराला गेली याचीच चर्चा उरते. अर्धा माल लिलावाला, अर्धा आजारी व एकट्या माणसांच्या घरी, असं आधीच जाहीर करावं.

पहिल्या वेचणीचा मूठभर सुका कापूस फडक्यात बांधून, ज्वारीची कणसं असतील तर ती, केळीचा अख्खा घड नको, एक फणी. पिकलेली केळी बाकी भाजीपाल्याजवळ ठेवली की तोही लवकर पिकून सडतो, म्हणून वेगळी मांडावी.

---

तापीथडी

फार मोलाचं मिळालं. सध्याची मांडणी: पहिला बुधवार बाग आणि मंडप. दुसरा दुपार आणि छोट्या प्रार्थना. तिसरा कसब, बसालेल, अभंग बांधणं. चौथा मजुरी, काटा, रूथ. त्या दिवशी ताणकाटा आणि पाण्याचा कॅन वर्गातच आणणार, आणि जमीनवाल्यांनाही बोलावणार. पाचवा विसावा, स्वयंपाकाच्या पाळीसकट. चुलीपाशी ताई, त्या दिवशी जेवण खिचडीचंच ठेवतो, आणि रांधणाऱ्यांना आधी वाढतो.

एकच राहिलं. काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, ती मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. त्यांच्यासाठी काय?

---

वाळवंटातले_बाबा

पडावावर (तोडणीवाल्यांच्या मुक्कामावर) साप्ताहिक सुट्टी ठरलेली नसते, गाडी भरायला रात्रीही उठावं लागतं. म्हणून वार ठरवू नका, प्रसंग ठरवा: ज्या संध्याकाळी गाडी लवकर जाईल ती. वीस मिनिटं पुरे. एक स्तोत्र, एक अभंग, आजारी माणसांची नावं, प्रभूची प्रार्थना. उजेड नसतो, म्हणून वाचनावर भिस्त ठेवू नका. निघण्याआधी महिनाभर चार-पाच वचनं तोंडपाठ करून घ्या. स्तोत्र १२१ आणि १२७:१-२ आधी. एकाच माणसावर सोडू नका, दोघा-तिघांना चालवायला शिकवा, कारण टोळ्या तिथे गेल्यावर फुटतात.

---

गिरणाकाठचे_पाळक

आणि निघण्याआधीच्या रविवारी त्यांना पुढे बोलावून प्रार्थना करा. चुलीपाशी ताईंनी सांगितलेल्या त्याच मठनियमात भांडाऱ्याने मठातली सगळी अवजारं वेदीवरच्या पात्रांसारखी मानावीत असं एक वाक्य आहे. त्यावरून कोयते सोबत आणायला सांगता येतील. प्रार्थना माणसांसाठी होते, लोखंडासाठी नाही, हे आधी समजावून सांगा, नाहीतर त्याला पूजेचं रूप येईल. प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवू नका, पुढच्या बाकाखाली ठेवा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून दोघांचीही नावं घ्या, फक्त पुरुषाचं नको. आणि पाती गोणपाटात घट्ट गुंडाळून आणायला सांगा, पुढच्या ओळीत लहान मुलं बसतात.